पेट्रोल पंपावरून उचललेली राणी

मित्रांनो, मी पानं कापणाऱ्या मुंग्यांची एक म्हातारी राणी आहे. माझा जन्म टेक्सासमध्ये, ऑस्टिन शहराबाहेरच्या रेताड जमिनीत झाला. आता मी काचेच्या पेटीत राहते. माझा एक पाय अर्धाच आहे. तो कसा गेला, तेच सांगते.

१९८४ चा मे महिना होता. पाऊस पडून गेला होता. पहाटे आमच्या वारुळातून शेकडो राण्या आणि नर उडाले. निघताना मी घरच्या बुरशीचा एक कण तोंडातल्या छोट्या पिशवीत घेतला. ही बुरशीच आमचं अन्न. आमची लग्नं हवेतच लागली, आणि उजाडायच्या आत नवरे मरून पडू लागले.

मी एका पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उतरले. उजाडताच काळे पक्षी आले. ते आमचं गुबगुबीत पोट तेवढं खुडून नेत. पोट नसलेली माझी बहीण शेजारून तशीच चालत राहिली.

तेवढ्यात मला चिमट्याने कुणीतरी उचललं. ती पद्मिनी, कीटकशास्त्र शिकायला नागपूरहून आलेली. सोबत तिचा नवरा संजीव होता.

"हळू धर रे! पोट दाबलंस तर मरतील त्या," ती त्याला म्हणाली.

आम्हा राण्यांना त्यांनी ओल्या मातीच्या डब्यात ठेवलं. पद्मिनी फोन करायला पंपाच्या दुकानात गेली. संजीवला आमची दया आली. रस्त्याकडेच्या एका वारुळातल्या मूठभर मुंग्या त्याने आमच्यात सोडल्या.

"घ्या, कंपनी," तो म्हणाला.

त्या परक्या वारुळाच्या होत्या. त्यांनी आमचा वास घेतला आणि आमच्या मानाच धरल्या. एका राणीला चौघींनी ताणून फाडलं. दुसरीचं डोकं तुटून पडलं, तरी त्याचा जबडा चावतच होता. माझा पाय कापला गेला. मीही एकीला मधोमध चिरलं.

पद्मिनी धावत आली. "संजीव, काय टाकलंस आत?"

"सेम मुंग्या आहेत ना त्या?"

"दुसऱ्या घरच्या आहेत! मारून टाकतील सगळ्यांना!"

तिने उघडा हात डब्यात घातला. शिपाई मुंग्या तिच्या बोटांत रुतल्या, मातीत रक्त गळलं, पण तिने हात मागे घेतला नाही. मला बाहेर काढलं, तेव्हा मीसुद्धा तिचं बोट चावत होते. त्या डब्यातून मी एकटीच जिवंत निघाले.

पद्मिनीच्या प्रयोगशाळेत मी बुरशी वाढवली, अंडी घातली. लेकींनी पेटी भरली. शाळेतली मुलं बघायला येत आणि "वॉव!" म्हणत. पुढे पद्मिनी परीक्षेत बुडाली, बुरशीला घालायची पानं यायची थांबली, बुरशी काळी पडू लागली. बऱ्याच लेकी भुकेने मेल्या. तेव्हा संजीव ओकच्या झाडाची पानं घेऊन आला. बराच वेळ त्याला पेटीत बघवेना. नंतर तो दर आठवड्याला पानं घेऊन येऊ लागला, आणि उरलेल्या लेकी जगल्या.

मित्रांनो, संजीव दुष्ट नव्हता. त्याला आमची माया वाटली, पण आमची माहिती नव्हती. मुक्या जिवाला हात लावण्याआधी तो कसा जगतो, कुणाला भितो, एवढं तरी विचारून घ्या. विचारायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्हाला द्या.