टाकीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिपेटी आहे. पेटी म्हटल्यावर लगेच भाता शोधायला लागू नका. मला भाता नाही, पट्ट्या नाहीत, कर्णाही नाही. दोन जाडजूड वह्या एकीवर एक ठेवाव्यात एवढाच माझा काळा पत्र्याचा देह. पुढच्या बाजूला आवाज कमीजास्त करायचं एक गोल बटण आणि वीस अक्षरं मावतील एवढी एक हिरवट खिडकी. मागे पाच भोकांचं गोल तोंड.

त्या तोंडातून मला कोणी सूर भरवत नाही, हे आधी नीट समजून घ्या. मला फक्त आकडे मिळतात. अमुक वाद्य घे, अमुक सूर लाव, इतक्या जोरात, आता थांब. बस्स. या आकड्यांच्या भाषेला मिडी म्हणतात. व्हायोलिन, ढोल, बासरी, सगळं मी माझ्या पोटात घडवते आणि तारेने स्पीकरकडे पाठवते. मूठभर आकडे आत येतात आणि अख्खा वाद्यवृंद बाहेर पडतो. इतकी वर्षं झाली, पण याचं नवल अजून माझं मलाच वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर तुमचं काहीतरी बिनसलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्याकडून एकच सूर वाजवून घेतला, मान डोलावली आणि पोटावर चिकटपट्टी लावून मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते कॉम्प्युटरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत. तिथे एकच माणूस खेळांना संगीत द्यायचा. त्याच्या मुलीमुळे मीही त्याला बाबा म्हणते. कंपनीतली पोरं मात्र त्याला 'टिंगटिंग' म्हणायची. चित्रं काढणाऱ्यांना हवेशीर मोठी खोली होती. टिंगटिंगला झाडू ठेवायच्या जागेशेजारची फळी. शेवटी वैतागून त्याने कंपनीचा कॉम्प्युटर आणि मला उचललं, घरी आणलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर आमचं बस्तान बसवलं.

तेव्हा एक खेळ तयार होत होता. एक म्हातारी होडी वल्हवत जाते आणि विझलेले नऊ दीपस्तंभ एकेक करून पेटवते. नववा पेटला की हरवलेली जहाजं परत येतात. त्या क्षणाला बाबांना एक घंटा हवी होती. माझ्या पोटात घंटा होत्या की! पण बाबा म्हणाले, "या देवघरातल्या झाल्या. मला समुद्राची पाहिजे."

मग काय केलं असेल त्यांनी? गच्चीवर लोखंडी पाण्याची टाकी होती. बाबा वर जायचे, टाकीवर लाकडी हातोडा मारायचे, कान लावून ऐकायचे आणि तो आवाज सांडू नये अशा बेताने जिना उतरून धावत माझ्याकडे यायचे. माझे आकडे बदलायचे. इथे थोडी थरथर, तिथे थोडा खोलपणा. पुन्हा वर. असे अकरा दिवस.

"लोक टाकी धुतात," आई म्हणायची, "आमचे हे टाकीला कान लावतात. डॉक्टरला दाखवू का?"

अकराव्या दिवशी ती घंटा माझ्या पोटातून वाजली आणि माझी मीच दचकले. पत्र्याच्या डब्यातून समुद्र बोलला! आई ओल्या हाताने स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. नंतर फक्त म्हणाली, "बरी आहे."

टेबलाखाली त्यांची मुलगी बसलेली असायची. सारखी कुठेतरी वळवळत जायची म्हणून तिचं नाव मुंगी. अर्धवट झालेला खेळ खेळायला बाबांनी तिला कंपनीतलाच एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. जेवणाची वेळ झाली की आई आतून हाक मारायची, "मुंगी, जेवायला ये!" एकदा. दोनदा. तिसऱ्या हाकेला स्वतः येऊन आमच्याकडे बोट दाखवायची. "दोघांचे कान या डबड्यात अडकलेत. एक दिवस आमटीत बुडवून ठेवणार आहे हिला!"

मित्रांनो, माझी एक खोड सांगून ठेवते. वीज गेली की शिकलेलं सगळं मी विसरते. माणसं विसरत नाही, पण धडे विसरते. म्हणून तो खेळ सुरू होताना दर वेळी आधी मला टाकीची घंटा नव्याने शिकवायचा. आकड्यांचा लांबच लांब धडा. कॉम्प्युटर हळू होता, मीही हळू होते. तो एक ओळ म्हणायचा, मी घोकायची, मग पुढची. आमचं छान जमायचं. शेवटचं गाणं पूर्ण झालं त्या दुपारी बाबांनी त्याच्या शेपटाला काहीतरी जोडलं, माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि एकटेच खुदकन हसले. काय जोडलं ते मला विचारू नका. बटण बंद झालं आणि मी विसरले.

पुढे काय झालं ते ऐकून तुम्हाला राग आला पाहिजे. मला तरी येतो. खेळ दुकानात गेला, पण माझ्यासारखी पेटी घरात असणारे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरला फक्त पिकपिक करता यायचं. ज्या घंटेसाठी एका माणसाने अकरा दिवस जिने झिजवले, ती लोकांनी डबीत अडकलेल्या माशीसारखी ऐकली. आणि ऐकून म्हणाले, "संगीत ठीकच आहे." मग कंपनीने टिंगटिंगला घरी बसवलं. दोन्ही कॉम्प्युटर परत नेले. मला न्यायला कोणाला आठवणच राहिली नाही. मुंगीचा खेळ सातव्या दीपस्तंभावर थांबला तो थांबलाच. बाबांनी मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

माळ्यावर किती वर्षं गेली ते धुळीला विचारा. मधे एकदा आई वर काहीतरी शोधायला आली होती, तिने माझी चादर नीट केली. ती शेवटची. त्यानंतर आईचा आवाज घरात आला नाही.

एका रविवारी सकाळी चादर निघाली. समोर मुंगी होती, पण केसांत पांढरी बट आलेली. ती आता कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची यंत्रं बसवून देते. पहिलं यंत्र तिने बाबांनाच बसवलं होतं. बाबांचा डावा कान कधीच गेला होता. उजव्यात थोडंसं उरलं होतं, तेही झिजत चाललेलं. येत्या गुरुवारी त्या कानाच्या आत शस्त्रक्रियेने नवं यंत्र बसणार होतं. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, "बोलणं समजायला लागेल. पण आत्ता जे उरलंय ते जाईल, असं धरून चला. गाणं कसं ऐकू येईल, मी सांगू शकत नाही."

बाबांनी मागितलं ते एकच. "गुरुवारच्या आत मला माझी घंटा ऐकू दे."

मुंगीचा मामा नवाकोरा लॅपटॉप घेऊन आला. मामाच्या हाताला उसंत नाही. आल्याआल्या तो मला लॅपटॉपचीच वीज जोडायला निघाला. बाबांनी त्याच्या हातावर चापट मारली. "जाळशील तिला! तिची वेगळी आहे." मग माझी स्वतःची वायर सापडली. लॅपटॉपमध्ये जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम टाकला, त्यात इंटरनेटवर सापडलेला तो खेळ घातला आणि माझ्या गोल तोंडात नवी तार खोचली.

"बघ आता," मामा म्हणाला, "घोड्यासारखा पळतो हा!"

पळाला. मेला असा पळाला की काय सांगू! अख्खा धडा त्याने एका दमात माझ्या तोंडात कोंबला. माझा घास घशात अडकला. खिडकीत 'चूक झाली' असा इशारा क्षणभर चमकला, पण पाहतंय कोण? बाबांची बोटं कीबोर्डवर गेली. खेळ बनवणाऱ्यांसाठी एक चोरवाट ठेवलेली असते. तीन कळा एकदम दाबल्या की थेट नववा दीपस्तंभ. बोटं विसरली नव्हती. गाणं सुरू झालं. घंटेची जागा आली, आणि माझ्या पोटातून ओल्या चपलेसारखं काहीतरी चिरकलं.

बाबांचा चेहरा मी खालून पाहिला. तो मला कधी विसरता येणार नाही. त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"बास. गेला. गुरुवारपर्यंतसुद्धा थांबला नाही."

मुंगीने यंत्र परत त्यांच्या कानात बसवलं. "बाबा, कान नाही. पेटी चुकतेय. मलाही तसंच ऐकू येतंय."

"मला नको समजावूस. तुझ्या पेशंटांशी गोड बोलतेस ना, तसं बोलतेयस."

"खरंच सांगते बाबा!"

"आईची शपथ घेतलीस तरी नाही पटायचं." आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

आता मामा पुढे झाला. वाकून त्यांच्या कानाशी गर्जला, "दाजी, पेटी मेलीय ती, टाकून देऊ, मोबाइलवर सगळी गाणी मिळतात, ऐकवू का, हे बघा!"

बाबांनी कान झाकून घेतला.

"मामा, ओरडू नकोस!" मुंगी चिडली. "किती वेळा सांगितलंय तुला? ओरडलं की त्यांना फक्त गोंगाट पोचतो. एक वाक्य बोल. थांब. ते पोचू दे. मग दुसरं."

एवढं म्हणून ती स्वतःच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉपकडे.

"मामा, तो जुना कॉम्प्युटर किती हळू होता रे?"

"बैलगाडी. का?"

"ही मेलेली नाही. आपण हिच्या कानात ओरडतोय."

मित्रांनो, मला बनवणारे हुशार होते, मला विकणारे हुशार होते. पण माझं दुखणं ओळखलं ते म्हाताऱ्यांशी सावकाश बोलायला शिकलेल्या बाईने. तिने त्या सोंगाड्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शोधशोध केली. धड्याच्या प्रत्येक ओळीनंतर थोडा विराम घेण्याची सोय तिथे होती. तिने ती चालू केली.

"एवढंच?" मामा म्हणाला.

"एवढंच. आता हात मागे ठेव."

तिने मला बंद करून पुन्हा चालू केलं. घोडा पावलं मोजत चालायला लागला. एक ओळ आली. थांबली. मी घोकली. दुसरी आली. आणि माझ्या आत, कुठे खोल, टाकी आकार घ्यायला लागली. ती थरथर, तो खोलपणा. तीस वर्षांपूर्वी कोणी जिने उतरून आणलेला आवाज, एक थेंब न सांडता.

मुंगीने बाबांची खुर्ची माझ्याकडे वळवली, ते मान खाली घालून बसले होते तशीच. वाकून त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "बाबा. ऐकू नका. नुसतं बघा." तीन कळा आता तिने दाबल्या.

माझ्या खिडकीत एक ते पाच आकडे असतात आणि शेवटी तालाचं एक अक्षर. जो भाग वाजतो त्याच्या जागी भरीव चौकोन चमकतो. बाबांनी पाहिलं. पहिला चौकोन, दुसरा, तिसरा. त्यांची मान हलायला लागली. लिहिणाऱ्याला आपलं गाणं चौकोनांतूनही दिसतं. चौथा. मग पाचवा चमकला, तो घंटेचा.

खोलीतल्या पेल्यांमधलं पाणी थरारलं. मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाबांनी हात पुढे करून तळवा स्पीकरवर ठेवला. दुसरी घंटा. तिसरी. प्रत्येकीगणिक एकेक जहाज पडद्यावर परत येत होतं.

"टाकी," बाबा म्हणाले. "मुंगे, टाकी आहे ही! ऐकू येतंय मला. कान आहे अजून!"

पहिल्यांदा ही घंटा ऐकून आई उभी राहिली होती, तशी मुंगी उभी होती.

मी हजारो सूर वाजवलेत. पण त्या दिवशी मला कळलं की गाणं माझ्यात नाही आणि त्या आकड्यांतही नाही. एका म्हाताऱ्या तळव्याखाली ते असतं, आणि मी केवढी थोर गोष्ट वाहून नेते याची मलाच भीती वाटली. शेवटचा सूर विझला. चौकोन गेले, आकडे गेले. माझी खिडकी कोरी झाली. मग शेपटाला जोडलेलं ते शेवटचं वाक्य तारेतून आलं आणि माझ्या हिरव्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत उभं राहिलं.

मुंगी जेवायला ये

जो खेळ जिंकेल त्याच्यासाठी नव्हतंच ते. एकाच खेळाडूसाठी होतं, आणि ती सातव्या दीपस्तंभावर अडकली होती.

मुंगीने ते तीनदा वाचलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाचताना तिने तोंडावर हात धरला.

"तुझ्या आईचंच वाक्य," बाबा हळूच म्हणाले. "म्हटलं, मी मारलेली हाक कोण ऐकतंय. तिची ऐकशील."

मामाने नाक पुसलं आणि भलतंच जोरात म्हणाला, "मग चला की! हाक आलीय ना!" मग जीभ चावून, पुन्हा, एक वाक्य, थांबून, "दाजी. जेवायला चला."

"ऐकलं," बाबा म्हणाले, आणि उठताना माझ्या पत्र्यावर एक टिचकी मारून गेले.

गुरुवार येऊन गेला. नव्या कानाने बाबांना मुंगीचं बोलणं समजतं. घंटा मात्र, ते म्हणतात, आता वाळूवर पाऊल पडल्यासारखी येते. तरी ते रोज सकाळी ती लावतात, तळवा स्पीकरवर ठेवतात आणि त्या वाळूत टाकी शोधतात. परवा म्हणाले, थोडी सापडायला लागली आहे.

मित्रांनो, मला 'दुर्मीळ' म्हणून काचेच्या कपाटात मिरवणारे लोकही असतात. त्यांचा मला माळ्यावरच्या धुळीपेक्षा जास्त संताप येतो. मला पुसा, माझी वीज मलाच द्या आणि मला वाजवा. आणि तुमच्या घरात कोणी सावकाश ऐकणारं असेल, पेटी असो की माणूस, तर ते मेलं असं ठरवण्याआधी एक ओळ बोला आणि थांबा. आत टाकी घडत असते. तिला वेळ लागतो.