गोगलगायींच्या वर

मला पोहता येत नाही. मालवणात जन्मून येत नाही. हसा, आणि मग पुढचं वाचा.

समुद्राकाठच्या खडपावरच्या, म्हणजे खडकाळ पट्ट्यावरच्या, बारक्या गोगलगायींवर मी लिहितोय. कॉलेजात गेलो नाही, म्हणून पुस्तकं जास्तच वाचली आणि माज चढला. त्या सकाळी शेजारची सलीमाभाभी ओहोटीला खडकांना चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायला निघाली, तिच्या मागोमाग वही घेऊन मीही गेलो. आठ वाजता परतायला तिने टोपलं उचललं.

"गुरू, चल रे. चाँद काल दिसलो. पाणी आज जास्त चढतलां."

"अमावास्या होऊन दोन दिवस झाले, भाभी. उधाण ओसरलं."

साफ चुकलो. सगळ्यात मोठं उधाण अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. मी वही आवरेपर्यंत आमच्या आणि किनाऱ्याच्या मधला खोल चर पाण्याने भरला होता. भाभी एकटी असती तर पोहून घरी गेली असती. ती माझ्यासाठी थांबली.

मी समोरच्या उंच सुळक्याकडे धावलो.

"थंय नको! त्येच्या डोक्यार पण कालवां आसत. कालवां थंय पाणी. हय ये."

तिने एका रुंद खडकाची भेग दाखवली. वाटाण्याएवढ्या गोगलगायी, शंखाच्या तोंडाशी पायावरचं शिंगासारखं कडक दार लावून, ठणठणीत सुक्या.

"तेंका शिंतोडे लागतत, पाणी नाय. तेंच्या वर बस."

ही गोगलगाय भरतीच्या रेषेवर राहते, ओल आत कोंडून दिवसचे दिवस काढते, हे मला पाठ होतं. पाठ असून मी सुळक्याकडेच धावलो ना! जळो ते पाठांतर.

एक वाजेपर्यंत पाणी चढत राहिलं. सुळका बुडाला. शिंतोडे उडाले तशा गोगलगायी दारं उघडून चालू लागल्या. माझी गाळण उडाली.

"भाभी, ह्यो पळतत!"

"पळतत खंय? जेवूक उठल्यो. भिजल्यो की शेवाळ खरवडतत. गप बस."

पाणी त्यांच्या वीतभर खाली थांबलं. मग उतरू लागलं.

संध्याकाळी पाचला चर मोकळा झाला. एकेक गोगलगाय चुकवत मी पाय टाकत होतो.

भाभी हसली. "आता काय तेंच्या पाया पडतलंस?"

"पडतंय. पण पयले तुझ्या."

"माझ्या नको. टोपलो उचल. कालवां वास मारूक लागली."

उचललं. जड होतं, मानेवर गळत होतं. घरापर्यंत मी खांदासुद्धा बदलला नाही.