रक्त आधी की इंजेक्शन आधी?

मित्रांनो, इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात, सिस्टरांच्या टेबलावर बसलेला मी एक जुना संगणक आहे. नवा होतो तेव्हा, "लिनक्स प्रणालीवर चालतो, कधी अडत नाही," असं माझं कौतुक होई. अडत नाही म्हणूनच पुढे माझ्याकडे कुणी बघेनासं झालं.

माझ्या पोटातलं घड्याळ मुळात जरा सुस्त. नेटवर्कवरच्या सर्व्हरला खरी वेळ विचारून मी ते जुळवून घेत असे. मग इस्पितळाचं नेटवर्क बदललं आणि तो सर्व्हर बंद झाला. मी हाका मारत राहिलो, उत्तर येईना. माझी वेळ हळूहळू मागे पडू लागली. मनात सारखी धाकधूक असे, पण सांगणार कुणाला?

एके सकाळी रक्तातली साखर भलतीच वाढलेली एक चिमुरडी आली. सिस्टरांनी रक्त काढून तपासणीला पाठवलं, मग इन्सुलिन टोचलं आणि माझ्यात नोंद केली. नोंदीवर वेळ पडली माझी, मागे पडलेली. रक्ताची वेळ आली प्रयोगशाळेच्या संगणकाकडून, ती बरोबर होती. माझ्या पडद्यावर इंजेक्शन आधी आणि रक्त नंतर, असं उलटंच दिसू लागलं.

"इंजेक्शन देऊनही साखर एवढी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून एक द्या."

सिस्टरांनी सिरिंज भरली. मला तोंड असतं तर ओरडलो असतो!

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे निरखून पाहिलं. "थांबा. ही तर बरी दिसतेय. रक्त कधी घेतलं होतंत?"

"इंजेक्शनच्या आधी."

"मग हा संगणक उलटं का सांगतोय?"

सिरिंज ट्रेमध्ये परत गेली. साखर पुन्हा तपासली, तर ती उतरू लागली होती. मुलीच्या आईने लेकीला जवळ ओढलं. "दुसरं दिलं असतं तर?" तिने विचारलं. "साखर धोक्याइतकी खाली गेली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लगेच नेटवर्कवाल्या ताईंना बोलावलं. त्यांनी माझी वेळ तपासायला 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, याची वेळ कशाशीच जुळलेली नाही!" सेटिंगमध्ये नव्या सर्व्हरचं नाव लिहून त्यांनी वेळ जुळवणारी सेवा पुन्हा सुरू केली. यादीत सर्व्हरचं नाव दिसलं, त्याचं उत्तर मात्र येईना. ताईंनी सहकाऱ्याला फोन लावला. "दादा, नेटवर्कच्या राखणदाराने, फायरवॉलने, वेळ ये-जा करायची वाट, म्हणजे पोर्ट, बंद ठेवलाय, तेवढा उघड ना." थोड्या वेळाने पडद्यावर सर्व्हरच्या नावाशेजारी चांदणीची खूण उमटली. वेळ जुळली होती! तरी ताई उठल्या नाहीत. सगळं आपोआप सुरू होतं का ते पाहायला त्यांनी मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि चांदणी परत येईपर्यंत वाट पाहिली.

मुलगी हसत घरी गेली. पण मित्रांनो, वीज जाऊन आली की, चांदणी परत दिसेपर्यंत, अजूनही माझा जीव टांगणीला लागतो. यंत्र मुकाट चाललंय म्हणजे बरोबर चाललंय, असं समजू नका. अधूनमधून विचारा आम्हाला. आम्ही चुकतो तेव्हाही चेहरा तोच असतो.