जावईबापूंचं हिरवं अस्वल

आमचे जावईबापू घरी बसून गोजिरवाणी चित्रं रंगवतात. ससे, बदकं, अस्वलाची पिल्लं. रेघांचं चित्र दुसरंच कुणी काढून पाठवतं आणि हे टॅबलेटवर पेन फिरवून त्यात रंग आणि छाया भरतात. प्रत्येक पिल्लाला टपोरे डोळे, फुगलेले गाल आणि भरल्या घरचं पोट. मी एकदा विचारलं, "या अस्वलाने जन्मात कधी काम केलंय का?" तर म्हणाले, "आई, गोड दिसणं हेच त्याचं काम." असेल बाबा. आमच्या वेळी अशी नोकरी नव्हती.

लेक दहा दिवस प्रशिक्षणासाठी परगावी गेली, म्हणून जावयाचं जेवणखाण बघायला मी तिच्याकडे राहायला आले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले, तर पडद्यावर अस्वल बसलेलं. शेवाळ चढलेल्या टाकीसारखं हिरवं. गाल राखाडी, जसं काही परवाच गेलंय.

"आजारी आहे का हे?"

"छे! वाढदिवस आहे त्याचा."

कप ठेवताना टॅबलेटच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी दिसली. लेकीचं अक्षर. सासूला वाचता येत नाही या भरवशावर जावयाने ती झाकायची तसदी घेतली नव्हती. मी पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मी सावकाश वाचलं. 'तपकिरी : दुसऱ्या ओळीत पहिला. गुलाबी : तिसऱ्या ओळीत चौथा. शेवटच्या ओळीला हात लावू नकोस.'

कापड गिरणीच्या रंगखात्यात मी एकतीस वर्षं काढली. तिथे आमचा एक मुकादम लाल ताग्याला हिरवा म्हणायचा. आम्ही त्याला सांभाळून घ्यायचो, कारण हजेरी घेताना तोही डोळेझाक करायचा.

"जावईबापू, तुम्हाला लाल-हिरवं कळत नाही."

चहा बशीत सांडला. "कोण म्हणतं?"

"अस्वल म्हणतंय."

मग सगळं बाहेर आलं. त्या रंगवायच्या अ‍ॅपने काल आपल्या मनाने रंगांच्या जागा बदलल्या होत्या. हे बिचारे नेहमीच्या जागी बोट ठेवून रंगवत बसले. अकरा वाजता कंपनीच्या मोठ्या बाईंचा व्हिडिओ कॉल होता. यांना ठेवायचं की नाही, ते आज ठरणार होतं. याच पायी आधीच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या.

"सांगून टाका ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? रंग भरायला ठेवलेल्या माणसाला रंग दिसत नाहीत? आई, बहिऱ्याने गाण्याचा क्लास काढल्यासारखं आहे हे."

बोट दाखवून दाखवून मी अस्वल तपकिरी करून घेतलं, गाल गुलाबी करून घेतले. पण बाई कॉलवरच बदल करायला लावतात म्हणे. मग मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी टेबलाच्या कडेला स्टूल टाकून बसले. खूण ठरली. लाथ मारली की रंग आणखी लाल करायचा, पाय दाबला की थांबायचं. जावयाला राजरोस लाथ मारायची सोय कुठल्या सासूला मिळते? मी चपला काढल्या, तेवढी माझी सभ्यता.

बाई पडद्यावर आल्या. "छान आहे. गाल जरा लालसर करा."

लाथ.

"अजून थोडे."

लाथ.

"अजून."

लाथ. जावयाने ओठ चावला.

"अजून एक कण."

चौथी लाथ मी मारली खरी, पण जिभेला लगाम राहिला नाही. "अहो बाई, आता गोवर निघेल त्याला!"

बाई पडद्याकडे झुकल्या.

"कोण आहे तिथे?"

टीव्ही सांगा, टीव्ही, असं मी हाताने खुणावत होते. जावईबापू नडगी चोळत माझ्याकडे बघत राहिले. मारानेच शहाणपण आलं असावं. म्हणाले, "सासूबाई आहेत. मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही, मॅडम. त्या सांगत होत्या."

बाईंनी कुठेतरी काहीतरी दाबलं आणि पडद्यावरच्या अस्वलाचा रंगच उडाला. नुसतं राखाडी उरलं. आणि मला पहिल्यांदा ते पिल्लू नीट दिसलं. पोटाचं ओझं मांड्यांवर टेकलेलं, हनुवटीखाली मऊ काळोख, आणि एका कानाच्या पातळ कडेतून उजेड आरपार आलेला. उचललं असतं तर हाताला जड लागलं असतं.

"मी तुम्हाला या छायेसाठी घेतलं होतं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून राखाडीतच पाठवा. रंग इथे कुणीही चढवेल. महिनाभर असं करून बघू."

कॉल संपला. जावईबापू खुर्चीतच सैल पडले. मी मात्र पेटले होते. "रंग कुणीही चढवेल? कुणीही? एकतीस वर्षं मी काय भिंती चाटत होते का?"

"आई, नोकरी राहिली हो!"

"तुमची राहिली. माझी अब्रू गेली."

ते हसत सुटले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. पलीकडून लेकीचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "आईला कळलं? ओरडली का रे फार?"

"ओरडल्या नाहीत. लाथा मारल्या."

मी फोन हिसकावून घेतला. "चारच मारल्या गं. आणि त्याही बाईंच्या सांगण्यावरून."