टिंबूचा शनिवार-रविवार

टिंबू येणार म्हणून मावशीने शुक्रवारपासूनच पायाला भिंगरी लावून घेतली होती. ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, तिरका वाटला की उपटायचा, पुन्हा बसवायचा. त्या दिवशी ती दुपारीच कामावरून उठली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा कारागीर म्हणाला, "कुणाचं तरी हसू अर्धवट टाकून चाललात."

"सोमवारी हसेल पूर्ण," म्हणत तिने ॲप्रन खुंटीला अडकवला.

टिंबू तिच्या ताईची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून ते नाव चिकटलं. ती जेमतेम बसायला लागली आणि ताई आजारपणात गेली. भाऊजी जहाजावर इंजिनिअर, महिनोन् महिने पाण्यावर. टिंबूला मावशीनेच उचलून घरी आणलं, आणि पोर चार वर्षांची होऊन गेली तरी तिथेच राहिली. मग भाऊजींनी जमिनीवरची नोकरी धरली, दुसरं लग्न केलं आणि मुलीला न्यायला आले. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. तोवर टिंबू मावशीलाच 'आई' म्हणायची. जायच्या आधी मावशीनेच तिला समोर बसवून शिकवलं, "मी मावशी. ती आई. म्हण बघू." पोर हुशार, लगेच शिकली. निदान आठवडाभर तरी चुकेल, असं मावशीला वाटलं होतं.

आता टिंबू सात वर्षांची. वर्षातून एकदा, सुट्टी लागली की, तिघं दोन दिवसांसाठी यायची. त्या दोन दिवसांत मावशी वर्षभराचं सगळं कोंबू बघायची. या वेळी शनिवारी नाटक, रविवारी प्राणिसंग्रहालय.

"ताई, तुम्ही आम्हाला श्वास तरी घेऊ द्याल ना?" दारात बॅग ठेवता ठेवता टिंबूची आई हसत म्हणाली. ती बस डेपोत घोषणा करायची; साधं बोलली तरी शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा. पहिल्या दिवसापासून ती मावशीला 'ताई' म्हणत आली होती. ती हाक मावशीच्या अजून अंगवळणी पडली नव्हती, कारण त्या घरात ताई एकच होती.

नाटक मुलांचं होतं. एका कोल्ह्याची सावली हरवते आणि तो ती शोधत जंगलभर फिरतो. मावशीने चार खुर्च्या ओळीत मिळवल्या होत्या, पण बसायच्या वेळी भाऊजी कडेला गेले, कारण त्यांचे पाय कुठे मावत नसत. टिंबू दोघींच्या मध्ये आली. पडदा उघडला तशी ती पुढे सरकून खुर्चीच्या टोकावर बसली. मावशीने रंगमंचाकडे फारसं पाहिलंच नाही. टिंबूची मान लांब झाली होती. कानामागचा तीळ मात्र होता तिथेच होता.

मध्यंतराच्या थोडं आधी कोल्हा दरीत पडतो. सगळे दिवे गेले, नगारा वाजला, आणि त्या काळोखात एका गार, ओल्या हाताने मावशीचा अंगठा घट्ट धरला.

"आई, मेला का गं तो?"

मावशी तिच्या कानाशी वाकली. म्हणाली, "नाही मरत. बघ आता."

आवाज ऐकताच हात सुटला. "अगं, तू होय. मला वाटलं आई," टिंबू कुजबुजली आणि दुसरीकडे कलली. दिवे आले, कोल्हा उठून लंगडत नाचायला लागला, सगळं सभागृह हसलं. मावशीही हसली. मध्यंतरात भाऊजींनी विचारलं, "नाटक बरं आहे ना?" तर तिने मान डोलावली. तिला आतापर्यंतची गोष्ट विचारली असती तर मात्र पंचाईत झाली असती.

रविवारी प्राणिसंग्रहालयाचं फाटक उघडायच्या आत ही मंडळी बाहेर हजर. वाघ झोपलेला, तो काही उठला नाही. जिराफ मात्र टिंबूच्या टोपीचा वास घेऊन गेला, तेव्हापासून ती टोपी कुणाला हात लावू देईना. भाऊजी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. "बाबा, वाचता येतं मला," टिंबू दर पाटीला सांगत होती आणि ते दर पाटीला वाचतच होते.

पाणमांजरांच्या तळ्याशी मावशीने पिशवीतून सफरचंद काढून दिलं. टिंबूचा समोरचा दात कालपासून हलत होता. पहिल्याच चाव्याला ती थबकली, तोंडाला हात लावला, बोटांवर रक्त बघितलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले. मावशी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने रुमाल काढलासुद्धा. टिंबू तिच्या शेजारून पुढे पळत गेली, कठड्याशी उभ्या असलेल्या आईच्या पोटात तोंड खुपसलं आणि मग भोकाड पसरलं.

मावशीने रुमालाची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवला.

रडं थांबल्यावर टिंबू बापाचं बोट धरून पुन्हा जिराफाकडे गेली, दात पडल्याचं त्याला सांगायला. दोघी बाकावर बसल्या. टिंबूच्या आईच्या कुडत्यावर रक्ताचा डाग होता. तो पुसायचा सोडून ती मुठीतल्या दाताकडे बघत होती.

"ताई, एक विचारू? हा दात आला कधी होता?"

"आता कुठलं आठवायला," मावशी म्हणाली.

ते खोटं होतं. दात आला त्या सकाळी टिंबूने वाटीवर टक्क आवाज केला होता आणि घाबरून वाटीच फेकून दिली होती. मावशीला सगळं आठवत होतं. पण तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं, आणि तेही मागायला ही आली होती.

"ती सारखं विचारते, मी लहानपणी कशी होते," टिंबूची आई खालच्या आवाजात म्हणाली. "तिच्या बाबांना विचारावं तर ते जहाजावर होते. मग मी रचून सांगते. तुला चालताना मांजराची भीती वाटायची, तू साबण खाल्लास, असलं काहीही. तिला ते खरं वाटतं. एखाद्या दिवशी पकडली जाईन. तुमच्याकडे सगळं आहे ना, ताई. मला फार वाटतं, मीही ते बघायला हवं होतं."

समोर तळ्यात एक पाणमांजर पोटावर दगड घेऊन उताणं तरंगत होतं. या बाईला आपल्याकडचं काही हवं असेल, हे आजवर मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"साबण खरंच खाल्ला होता तिने," ती म्हणाली. "हिरवा. मी बोट घालून काढला, तर चावली मला."

टिंबूची आई तिच्याकडे वळली. "मग?"

मग मावशी बोलत सुटली. वाटी, पहिलं पाऊल, तापातली बडबड, 'झाकण'ला 'काझण' म्हणणं. मध्येच टिंबू आणि भाऊजी परत आले. टिंबू आईच्या मांडीवर चढली, टोपी सांभाळायलाही विसरली आणि "आणखी, मावशी, आणखी" करत राहिली. भाऊजी उभेच होते. या गोष्टी त्यांनीही पहिल्यांदाच ऐकल्या. "हे मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "तुम्ही विचारलं कधी?" मावशी म्हणाली, पण रागाने नाही. सांगून मन मोकळं होत होतं आणि त्याच वेळी आतून काहीतरी भराभर रितं होत होतं.

"आणि मी तुला काय हाक मारायचे?" टिंबूने मध्येच विचारलं.

मावशी पिशवीचे बंद आवरायला लागली. टिंबूची आईच हळूच म्हणाली, "सांगा ना, ताई."

"आई म्हणायचीस."

टिंबूने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "मग बंद का केलं?"

"तुला आई मिळाली ना. मीच सांगितलं तुला, आता मावशी म्हण म्हणून."

"मी लगेच ऐकलं?"

"लगेच," मावशी म्हणाली.

"मी तेव्हाच हुशार होते तर," टिंबू म्हणाली आणि दाताच्या खिंडीतून जीभ बाहेर काढून दाखवू लागली.

संध्याकाळी तिघं निघाली. फलाटावर बस लागली तेव्हा टिंबूच्या आईने मावशीला थोडं बाजूला घेतलं. "मोठ्या सुट्टीत तिला आठवडाभर तुमच्याकडे सोडू का? मलाही त्या दिवसांत ड्युटी असते."

ड्युटी असेलच असं नाही, हे मावशीला कळलं. "सोडा," ती म्हणाली. खिडकीतून टिंबूचा हात हलत होता. बस वळल्यावरही मावशी तिथेच उभी राहिली. डेपोतली कुणी दुसरीच बाई पुढच्या गाडीची घोषणा करत होती. मग मावशी चालत घरी आली. टिंबूची पांघरुणं तशीच पडली होती. ती तिने उचलली नाहीत, कडेला सरकवून तिथेच आडवी झाली.