भिंतीपलीकडचं नेट

कॉम्प्युटरवाल्याने सीपीयूचं झाकण काढलं, आत जोरात फुंकर मारली आणि उडालेल्या धुळीने स्वतःच शिंकला.

"मेमरी वाढवून द्या," काकू म्हणाल्या. पेशंटच्या नातेवाइकाने उभं राहावं तशा त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या.

"वाढवतो की. पण त्रास काय होतोय ते तर सांगा."

"फाइल उतरता उतरत नाही. सकाळी लावली तर जेवून उठले तरी अर्ध्यावरच."

काकूंचं काम ऐकून टाइप करण्याचं. कार्यालयातून सभांची, मुलाखतींची रेकॉर्डिंग यायची, भल्यामोठ्या फाइली. त्या उतरवून घ्यायच्या, कानाला हेडफोन लावायचा आणि लोक जे बोलले ते जसंच्या तसं टाइप करायचं. दिवसभर कानात माणसांची ही गर्दी, आणि संध्याकाळी हेडफोन काढला की घरात बोलणारा एकटा फ्रिज. काम देणाऱ्या बाईंनी गेल्या आठवड्यात गोड शब्दांत बजावलं होतं, की असाच उशीर होत राहिला तर नाइलाजाने दुसरं कुणी बघावं लागेल. आजचीही फाइल अजून उतरायची होती, आणि ती सकाळपर्यंत टाइप करून द्यायची होती. हे काम गेलं तर त्या परक्या माणसांचे आवाजही जाणार होते.

"मग मेमरीने नाही भागणार, काकू," कॉम्प्युटरवाला म्हणाला. त्याला बोलायची हौस होती. "हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा ऐसपैस असला की चार भांडी एकदम मांडता येतात, हात भरभर चालतो. पण नळालाच पाणी करंगळीएवढं येत असेल, तर ओटा वाढवून हंडा लवकर भरेल का?"

"नाही."

"मग?"

"तरी वाढवा."

त्याने मान हलवली आणि भिंतीवरच्या फळीकडे गेला. फळीवर राउटर होता, त्याचा हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता.

"तुमचा कॉम्प्युटर मी उघडून ठेवलाय. फोन तुमच्या हातात. मग हा एवढा कुणासाठी राबतोय?" त्याने आपल्या फोनवर काहीतरी चाळलं. "हे बघा. टीव्ही जोडलाय कुणीतरी तुमच्या नेटवर. सगळं पाणी तिकडे चाललंय. तुमच्याकडे तर टीव्ही दिसत नाही."

"नाही माझ्याकडे."

"मग शेजारचा कुणी फुकट्या असणार. पासवर्ड बदलून टाकू? चुटकीसरशी होईल. आणि मग गंमत बघा. नाक दाबलं की तोंड उघडतं. चोर आपणहून तुमचं दार वाजवेल."

"चोर म्हणू नका." काकूंचा आवाज जरा चढलाच. मग त्या सावरून म्हणाल्या, "राहू द्या ते. तुम्ही मेमरी बसवा."

भिंतीपलीकडे त्यांच्या थोरल्या जाऊबाई राहत होत्या. दोघा भावांनी हौसेने शेजारी शेजारी घरं घेतली होती, आणि नेट दोघांत मिळून एकच, कारण तेव्हा दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच असायची. आधी थोरले भाऊ गेले, मग काकूंचे यजमान. त्यानंतर थोड्याच दिवसांनी जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्या घरात एकटी काय करणार आहेस? विकून टाक ते." पुढे त्या आणखी काही बोलणार होत्या, पण काकूंनी बोलू दिलं तर ना. "माझी अडचण होत असेल तर तुम्हीच जा दुसरीकडे," असं फाडकन तोंडावर टाकून त्यांनी दार लावून घेतलं. झालं, अबोला सुरू. जाऊबाई नाकावर माशी बसू देणाऱ्यांपैकी नव्हत्या, आणि काकू तरी कुठे कमी होत्या? जिन्यात समोरासमोर आल्या की एक छताकडे बघायची, दुसरी पायऱ्यांकडे. इतकी वर्षं गेली, पण ते अर्धं राहिलेलं वाक्य काकूंना छळत होतं. 'आणि माझ्याकडे ये राहायला,' असं तर म्हणायचं नव्हतं ना त्यांना? आता विचारणार कोणत्या तोंडाने?

नेट तेवढं कुणी तोडलं नाही. काकूंचं स्वतःचं काम बंद असलं की त्या दिव्याकडे बघत बसायच्या. सकाळी लुकलुकला की जाऊबाई उठल्या. दुपारी शांत झाला की आडव्या झाल्या. संध्याकाळी पुन्हा सुरू, म्हणजे मालिका. मध्यंतरी एकदा दिवसभर तो लुकलुकलाच नाही, तेव्हा काकू भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या होत्या. पलीकडून खोकल्याचा आवाज आला तेव्हा कुठे जिवात जीव आला. दार मात्र वाजवलं नाही. त्याची त्यांना अजून लाज वाटत होती.

हे सगळं या भल्या माणसाला काय सांगणार? पासवर्ड न बदलता काम वाचावं, एवढ्यासाठी तर त्यांनी मेमरीचा हट्ट धरला होता.

त्याने मेमरी बसवली, झाकण लावलं, स्क्रू आवळले. "मशीन आता पळेल. फाइल मात्र गोगलगायच राहणार, मी सांगितलं नाही म्हणू नका." निघताना त्याने राउटरला हात लावून बघितला. "केवढा तापलाय हा. थोडा वेळ बंद ठेवा, गार झाला की लावा." बटण बंद करून, पिशवी उचलून तो गेला.

हिरवा दिवा विझला. पलीकडे मालिकेतली बाई क्षणभर बोलत राहिली आणि वाक्याच्या मध्येच गप्प झाली.

काकू थोडा वेळ थांबल्या. राउटर गार झाला. त्यांचा हात बटणाकडे गेला. फाइल लावायला आधीच उशीर झाला होता. तेवढ्यात पलीकडे खुर्ची सरकली, पाठोपाठ रिमोट तळहातावर आपटल्याचा आवाज आला. कुठलीही वस्तू चालेना की तिला दोन चापट्या द्यायच्या, ही जाऊबाईंची जुनी खोड. काकूंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बटणावरचा हात त्यांनी मागे घेतला.

फाइल राहिली तर राहू दे. पण त्या आल्याच नाहीत तर? मुकाट्याने टीव्ही बंद करून झोपून गेल्या तर?

पलीकडचं दार उघडलं. चपला घासत घासत काकूंच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. बेल काही वाजेना. काकू दाराच्या आत उभ्या, जाऊबाई बाहेर, आणि दोघींनाही दुसरीचा श्वास ऐकू येत असावा. शेवटी बेल वाजली.

काकूंनी दार उघडलं. जाऊबाईंचा चष्मा कपाळावर होता, रिमोट अजून हातातच.

"नेट गेलंय," त्या दाराच्या चौकटीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "तुझंही गेलंय का?"

"हो. माणूस येऊन गेला. वेळ लागेल म्हणाला."

जाऊबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांची नजर काकूंच्या खांद्यावरून आत गेली, फळीवर, राउटरवर, मग शेजारच्या बंद बटणावर. तिथे ती बराच वेळ थांबली. काकूंची कानशिलं तापली.

"किती वेळ?" जाऊबाईंनी विचारलं.

"काही सांगता येत नाही."

"बरं." जाऊबाईंनी चपला काढल्या, आत येऊन खुर्चीत बसल्या आणि रिमोट टेबलावर पालथा ठेवला.

"बसते मग तोवर. घाई करू नको म्हणावं त्याला."