अकरा नंबरची वाट

"अहो, जरा हळू," असं मी म्हणेपर्यंत आमचे हे लाकडाचा पूल ओलांडून पलीकडे पोचलेसुद्धा. छप्पन्न वर्षांचा माणूस, घरी आला की गुडघ्याला तेल चोळून घेतो, आणि इथे बघावं तर वळून वळून मला हाका मारत होता. ऊन चढलं की ती आत जातात, लवकर चल, म्हणे. ती म्हणजे कोण, ते काही सांगेनात.

यांची नोकरी राष्ट्रीय उद्यानात. तिथले पंप, फाटकं आणि मोजणीयंत्रं यांनीच दुरुस्त करायची. उद्यानात चौदा वाटा आहेत आणि प्रत्येकीच्या तोंडाशी खांबावर एक डबी असते. समोरून माणूस आत गेला की डबीतला आकडा एकाने वाढतो. म्हणून सगळे यांना मोजणीदादा म्हणतात. वर्षाला तीनशे माणसंही जात नाहीत ती वाट कार्यालय बंद करतं, नकाशातून तिचं नावही जातं.

लोक मात्र सगळे धबधब्यावर. तिथे फोटोसाठीही रांग लागते, आणि माणसं पाणी कमी, एकमेकांची डोकीच जास्त बघतात. मी तरी काय वेगळी? अठ्ठावीस वर्षं इथल्या रक्षकांचे गणवेश शिवते, पण धबधब्याच्या पुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

यांचा जीव अडकला होता अकरा नंबरच्या वाटेत. दिसेल त्या पाहुण्याला हे अकरा नंबर सुचवायचे, पाहुणे मान डोलवायचे आणि धबधब्याकडे वळायचे. वाट दरवर्षी जेमतेम वाचायची. यंदा मात्र वर्षाचा आकडा आला तीनशे चाळीस! शनिवारी तो टिपून घरी आले ते पोरासारखे नाचतच. जेवताना तीनशे चाळीस, हात धुताना तीनशे चाळीस. सोमवारी वही कार्यालयात द्यायची होती. मधल्या रविवारी मला ओढत घेऊन निघाले.

पुलापलीकडे तो खांब होता. आमच्या पावलांनी आकडा दोनाने पुढे गेला.

"तुम्ही तपासायला येता, तेव्हाही वाढतो का हो?" मी सहज विचारलं.

"वाढणारच. यंत्राला काय कळतंय, मी..." हे हसत म्हणाले आणि एकदम वळून डबीकडे बघायला लागले.

आठवड्यातून दोनदा हे प्रत्येक वाटेने शेवटपर्यंत जातात. बाकीच्या वाटांवर हजारो माणसं, त्यांत यांच्या फेऱ्या म्हणजे दर्यात खसखस. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण इथे वर्षाच्या एकशे चार फेऱ्या! मापं घेण्यात माझा जन्म गेला, मला हिशेबाला कागद लागत नाही. उरले दोनशे छत्तीस.

आता परत फिरतील असं मला वाटलं. पण हे म्हणाले, आलोच आहोत तर बघून घे. दोन वळणं झाली, करवंदीसारख्या काटेरी जाळीतून वाकून गेलो, आणि मग यांनी मला चक्क पोटावर झोपायला लावलं. नवी साडी! मी तोंड उघडणार तेवढ्यात खालच्या काळ्या डोहात काहीतरी सळसळलं.

पाणमांजरं होती. एक, दोन, पाच! आई पुढे, पिल्लं तिच्या मागे. एकाने मासा पकडला, दुसऱ्याने तो हिसकावला, मग भांडणातच दोघं खडकावरून घसरत पाण्यात. मी यांचा दंड गच्च धरला होता. हसू आवरेना, म्हणून पदर तोंडात कोंबला. इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता, आठवत नाही. तासभर आम्ही तसेच पडून होतो, कोपरं सोलवटली तरी मला उठवेना.

परतताना आता मीच त्या वाटेची वकील झाले. नका ना लिहू दोनशे छत्तीस, कोणाचं काय बिघडणार आहे, म्हणून मी यांच्या मागे लागले.

"माप मीच घ्यायचं, मापात मीच उभं राहायचं, आणि पासही मीच व्हायचं?" हे म्हणाले. "तू कधी कपड्यात खोटा इंच घातलास का?"



सोमवारी यांनी वहीत दोनशे छत्तीस लिहिलं आणि खाली कारण. कार्यालयातल्या मॅडम भल्या होत्या. राहू दे मोजणीदादा, कोणी विचारणार नाही, असंही म्हणाल्या. यांनी सही करून वही पुढे सरकवली. महिन्याभरात पुलाच्या फळ्या काढल्या. काढायला हेच गेले होते.

त्यानंतर एकदा मी गणवेशांचा गठ्ठा घेऊन फाटकावर गेले, तर हे पाहुण्यांना नवे नकाशे वाटत होते. पाठीवर पिशवी लावलेली एक मुलगी रांग सोडून यांच्याजवळ आली.

"काका, गर्दी नसेल असं काही आहे का हो आत? लांब असलं तरी चालेल, मी चालेन."

इतक्या वर्षांत असं आपणहून विचारणारं माणूस यांना भेटलं नव्हतं. हे क्षणभर नकाशाकडे बघत राहिले.

"धबधब्यावरच जा," हे म्हणाले. "पण उद्या सकाळी सहाला ये. तेव्हा कोणी नसतं."

मग नकाशाची नीट घडी घालून यांनी तिच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाकडे वळले.